मागचा एसी आणि सानगडीची वाट

मोरेश्वरचा फोन आला तेव्हा गाडी अंगणातल्या कडुनिंबाखाली ताडपत्री पांघरून उभी होती. तिला हात लावून वर्ष होत आलं होतं.

"भाटवे, माय भात खात नाही," तो म्हणाला.

मोरेश्वर माझ्या बायकोचा, शालिनीचा, धाकटा भाऊ. सानगडीला शेती करतो. त्यांच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला भाटवे म्हणतात.

"आजारी आहेत का?"

"आजारी नाही. भात सोडला तिनं. शालूबाई गेली तवापासून. आम्हाले वाटलं, खाईल चार महिन्यांनी. आता तिच्याच्यानं उठणं होत नाही. म्हणते, शालू अजून गाडीतच हाये. गाडी आणा म्हणते."

हे नीट सांगायला हवं. त्या भागात माणूस गेला की जिथे जीव गेला त्या जागेवर पीठ पसरतात, शेजारी दिवा लावतात आणि पिठावर टोपली झाकून ठेवतात. सकाळी टोपली उचलून पिठावर काय उमटलं ते बघतात. माणसाचं पाऊल, पाखराचा पाय, काहीही. त्यावरून गेलेला जीव कुठे गेला ते कळतं, अशी समजूत आहे. गेल्या उन्हाळ्यात सानगडीला हे सगळं झालं होतं, पण घरातल्या पुढच्या खोलीत. तिथे शालिनीला आणून ठेवलं होतं म्हणून. सकाळी पीठ जसंच्या तसं होतं. तेव्हा त्याचं कारण कोणाच्या लक्षात आलं नाही. ते नंतर माझ्या सासूबाईंच्या लक्षात आलं. शालिनी त्या खोलीत गेलीच नव्हती. ती चालत्या गाडीत गेली होती.

नेमकी कुठे गेली ते मलाही माहीत नाही. भंडाऱ्याला तिने चहा घेतला आणि मागच्या पलंगावर जाऊन आडवी झाली. पवनीला घाटाजवळ गाडी थांबवून मी हाक मारली, तर ती नव्हती. त्या दोन गावांच्या मध्ये कुठेतरी.

मी असल्या गोष्टी मानत नाही. पण म्हाताऱ्या बाईने भंडारा जिल्ह्यात भात सोडणं म्हणजे जेवण सोडणं. मी मोरेश्वरला म्हटलं, आणतो गाडी.

हा ब्लॉग वाचणाऱ्यांना आमची गाडी माहीत आहे. नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो. कंपनीची कामगार नेणारी जुनी बस निवृत्तीनंतर घेतली आणि आतून घरासारखी करून घेतली. ओटा, शेगडी, दोन पलंग, छोटं न्हाणीघर. एसी दोन. पुढचा इंजिनवर चालतो. मागचा छतावर आहे आणि सोलरने भरणाऱ्या बॅटरीवर चालतो. अनेकांनी याच मागच्या एसीबद्दल विचारलं होतं, म्हणून त्याचं जे जे झालं ते सगळं लिहितो आहे.

मे महिन्याचा शेवट होता. या दिवसांत विदर्भात मोटरहोम घेऊन जाऊ नका असं मी स्वतःच पूर्वी लिहिलंय. अमरावतीहून सकाळी लवकर निघालो. नागपूरपर्यंत रस्ता चांगला आहे. टोल भरपूर लागतात, तेव्हा फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते आदल्या दिवशीच बघून घ्या. टायर वर्षभर एका जागी उभे होते, म्हणून हवा तपासून घेतली. एसी मात्र तपासला नाही. मला तो लावायचाच नव्हता. काच उघडी ठेवून जायचं ठरवलं होतं.

कोंढाळीला चहासाठी थांबलो. गाडी बंद करून, दार लावून समोरच्या टपरीवर बसलो. परत येऊन दाराला हात लावला तर कडी गार. बाहेर उन्हात माणसं डोक्याला पंचे बांधून बसलेली, आणि आत मागचा एसी चालू. वारा सगळीकडे नव्हता. फक्त उजव्या बाजूच्या पलंगावर, तिच्या पलंगावर, पडत होता. मी बटण दाबून तो बंद केला. मीच चुकून चालू केला असेल, असं स्वतःला सांगितलं.

नागपूरच्या बाहेर, रिंग रोडवर, मोरेश्वर उभा होता. माझ्यासोबत यायला मुद्दाम आला होता. हातात पिशवी, पिशवीत आईने दिलेलं आंब्याचं लोणचं. मौद्याच्या पुढे एका ढाब्यावर जेवलो. डाळ-रोटी बरी, ताक उत्तम, मोठी गाडी लावायला जागा भरपूर. परत आलो, तर तेच. आत गारवा, वारा तिच्या पलंगावर.

"काहून गा भाटवे, एसी चालू ठेवून आलते का?"

"नाही."

"मंग?"

"काहीतरी दोष असेल."

"दोष तं असंनच," तो म्हणाला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसला. पिशवी मागे ठेवायला सांगितली तर ठेवली नाही. भंडाऱ्यापर्यंत मांडीवर घेऊन बसला.

भंडाऱ्याला बायपासजवळ बसच्या एसीची कामं करणारा एक मेकॅनिक आहे. इस्माईलभाई म्हणतात त्यांना. त्यांनी छतावर चढून पाहिलं, मीटर लावलं, आणि मला वर बोलावून दाखवलं. बॅटरी वर्षभर अर्धवट भरून पडलेली. टर्मिनलवर पांढरा थर. एसी चालू असताना व्होल्टेज पडलं की मशीन स्वतःला बंद करतं. ऊन तापलं, सोलरने बॅटरी पुन्हा भरली, की जिथून थांबलं तिथून आपोआप चालू होतं. म्हणजे गेल्या उन्हाळ्यात मी एसी बंद केलाच नव्हता. ताडपत्रीखाली तो बंद पडून राहिला होता. कोंढाळीला मी दाबलेल्या बटणालाही त्याने जुमानलं नव्हतं, कारण बटणाचा जोडही सैल होता.

मोरेश्वर खालून ऐकत होता. "म्हणजे अपनेआपच चालू होते?"

"अपनेआप," इस्माईलभाई म्हणाले. "भूत-बित काही नाही भाऊ. भूत असतं तर मी कॉम्प्रेसर घेऊन कशाले बसलो असतो? त्यालेच नोकरीवर ठेवलं असतं. गॅस भरायची कटकट नाही."

टर्मिनल घासले, बटण नवीन टाकलं, आपोआप चालू होण्याची सोय बंद केली. मजुरी फार लागली नाही. गॅस ठीक निघाला. निघताना ते म्हणाले, "वारा एकाच बाजूनं येऊन राहिला. डक्टमधी कचरा असंन. उद्या आले तं खोलून देतो." मला त्याच संध्याकाळी सानगडी गाठायची होती. नवीन काम पारखायला एसी चालूच ठेवला आणि गेल्या वर्षीच्याच वाटेने निघालो.

भंडारा ते पवनी हा रस्ता अड्याळवरून जातो. एरवी हा फार सुंदर रस्ता आहे. पावसाळ्यानंतर गेलात तर दोन्हीकडे धान आणि मध्ये मध्ये तलाव दिसतील. मे महिन्यात दुपारी काहीच नसतं. धान कापून झालेल्या बांध्यांमधली, म्हणजे खाचरांमधली, कडक ढेकळं, तलावांच्या तळाला भेगा, झाडांवर पक्षी असतात पण आवाज करत नाहीत. समोर डांबरावर पाणी साचल्यासारखं दिसतं आणि गाडी जवळ गेली की ते पुढे सरकतं. बराच वेळ आम्हाला एकही गाडी भेटली नाही. एका गावाच्या थांब्यावर एक बाई डोक्यावरून पदर घेऊन बसली होती. तिने आमच्याकडे पाहिलं नाही.

अड्याळ सोडल्यावर मागून आवाज यायला लागला.

आधी लांब श्वास घेतल्यासारखा. मग काही नाही. मग सोडल्यासारखा. मी आरसा पाहिला. गाडीच्या आतल्या आरशाचा कोन मी वर्षभरात बदललेला नव्हता. त्यात तिचा पलंग दिसतो. गेल्या वर्षी याच आरशात तिचे पाय दिसत होते. त्यात काही हलत नव्हतं म्हणून, झोप लागली असेल, असं मी समजलो होतो.

श्वास पुन्हा आला. मोरेश्वरने माझ्याकडे पाहिलं.

"बाई अशीच झोपे ना?" तो अगदी हळू म्हणाला.

थोड्या वेळाने टप असा आवाज झाला. मग पुन्हा टप.

"मोरेश्वर, जरा मागे जाऊन बघ."

"तुम्हीच पाहा. मी गाडी सांभाळतो."

"तुला चालवता येते?"

"नाही."

हसू आलं असतं, पण तेव्हा दोघांनाही आलं नाही. मी गाडी झाडाखाली घेतली आणि मागे गेलो. तिच्या उशीवर ओला डाग पडला होता. डोकं टेकतं तिथेच, डोक्याएवढा. वरच्या जाळीतून पाणी गळत होतं. मी उशी उचलून ओट्यावर ठेवली आणि खाली भांडं लावलं. मग पवनीपर्यंत ते पाणी भांड्यात पडताना ऐकू येत राहिलं.

पवनीत मोठी गाडी जुन्या गावात घालू नका. किल्ल्याच्या दरवाजातून आतल्या गल्ल्या अरुंद आहेत. बाहेरच्या बाजूने वैनगंगेच्या घाटाकडे जाता येतं. मी गेल्या वर्षी जिथे थांबलो होतो तिथेच थांबलो. दुसरीकडे सावली नव्हती.

पेचकस घेऊन जाळी काढली. वरचं झाकण काढायला चार स्क्रू होते, त्यातले दोन गंजलेले. आत कॉइलवर बर्फ जमला होता. एवढ्या उन्हात तो हाताला चिकटला. बर्फाच्या आड काहीतरी अडकलेलं होतं. गरम पाणी ओतून ते सोडवलं आणि बाहेर ओढलं.

लोकरीचा मोजा. मरून रंगाचा, एकच.

शालिनीला एसी सोसत नसे. बाहेर कितीही ऊन असो, तिला पायात मोजे लागत. मी वारा कमी करत नाही अशी तिची तक्रार असायची, आणि मी बाहेर गेलो की ती जाळीच्या फटीत रुमाल कोंबून ठेवायची. हे मला माहीत होतं. मोजाही तिने तसाच कोंबला आणि तो आत ओढला जाऊन बाकीच्या जाळ्यांकडे जाणाऱ्या वाटेत अडकला. हवा अडली, कॉइल गोठली, पाणी जायच्या नळीत न जाता जाळीतून गळायला लागलं. लोकरीतून हवा ओढली जाताना आणि सुटताना तो श्वासासारखा आवाज होत होता. एकाच बाजूचा वारा आणि पाण्याची गळती, दोन्ही बिघाडांचं कारण एकच. वाचकांनीही लक्षात ठेवावं: वारा कमी येत असेल, पाणी गळत असेल, तर गॅस भरायला धावू नका, आधी डक्टमध्ये काय आहे ते बघा.

मी मोजा हातात घेऊन पायरीवर बसलो.

गेल्या वर्षी दवाखान्यातून तिचे कपडे परत मिळाले त्यात मोजा एकच होता. दुसरा मी या घाटावर शोधला होता, गाडीत शोधला होता. भंडाऱ्याला चहा घेताना तिच्या पायात दोन्ही होते. हे मला आठवतं, कारण पायरी चढताना ती घसरली होती आणि मी मोज्यांवरून तिला बोललो होतो.

म्हणजे भंडारा सोडल्यावर ती एकदा उठली होती. तिला थंडी वाजली होती. तिने एक मोजा काढला, हात वर करून जाळीत कोंबला, आणि पुन्हा निजली.

मोरेश्वरला सांगितलं. तो नदीकडे बघत होता. पाणी लांब, मधल्या धारेत होतं.

"मंग हाक काहून नाही मारली तिनं?"

"माहीत नाही."

सगळं पुन्हा बसवलं. एसी लावून पाहिला. वारा मोकळा यायला लागला, चारही जाळ्यांतून सारखा.

"आवाज गेला," मोरेश्वर म्हणाला. त्याला बरं वाटलं होतं.

"हो," मी म्हटलं. आवाज गेला होता हे कळायला क्षणही लागला नाही, तरी मी बराच वेळ तिथे कान देऊन उभा होतो.

वैनगंगेचा पूल ओलांडून लाखांदूरकडून सानगडीला पोहोचेपर्यंत ऊन कललं होतं. रस्ता मधे मधे अरुंद आहे, समोरून ट्रॅक्टर आला की बाजूला थांबावं लागतं. सासूबाई अंगणात खाटेवर बसलेल्या होत्या. मी त्यांना आत्या म्हणतो. त्यांचे हात इतके बारीक झाले होते की बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. त्या काठी टेकत आल्या आणि गाडीच्या पत्र्याला तळवा लावून उभ्या राहिल्या.

"तापली हाये," त्या म्हणाल्या. मग मला विचारलं, "कोन्या कुशीवर होती, जवाईबापू?"

"डाव्या."

"म्हणजे तोंड खिडकीकडे."

मी हो म्हटलं. मोज्याचं सांगितलं. वाळलेला मोजा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा करून, झटकून, सरळ केला.

"तिले लहानपणापासून थंडी वाजे. चुलीजवळून उठतच नव्हती. मीच रागवो तिले."

गादी काढून पलंगाची फळी मोकळी केली. गाडीत उघडा दिवा लावू नये, हे मी कोणालाही सांगेन. आम्ही गॅसचं सिलिंडर उतरवून घरात नेलं, पडदे काढले, दिवा पाण्याच्या परातीत खाली जमिनीवर ठेवला. आत्यांनी ताटात तांदळाचं पीठ घेतलं, ताट फळीवर ठेवलं आणि शेजारी बसून पीठ मनगटाच्या कडेने सारखं केलं. एवढे थरथरणारे हात, पण पिठावर एक रेघ राहू दिली नाही. वर बांबूची टोपली झाकली. मी एसीचं बटण बंद केलं, मग सोलरचा खटका, मग बॅटरीचा मुख्य खटका. मीटर त्याआधीच बघून ठेवलं होतं. बॅटरी पूर्ण भरलेली होती. दार लावलं. किल्ली आत्यांनी मागून घेतली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

"आता कोनी तिकडे जाऊ नका," त्या म्हणाल्या. त्या रात्रीचं सांगण्यासारखं काही नाही. अंगणात झोपलो, उकाडा खूप होता.

उजाडताना जाग आली ती कुत्र्याच्या चाटण्याच्या आवाजाने. गल्लीतला एक कुत्रा गाडीखाली शिरून पाणी पीत होता. एसीचं पाणी जायची नळी उतरते तिथे जमीन ओली होती, आणि मध्ये छोटं डबकं झालं होतं. मागची काच बाहेरून धुरकट झाली होती. मी बोट ओढलं तर थेंब खाली ओघळला. मे महिन्यात सानगडीला दव पडत नाही.

मोरेश्वर माझ्या मागे येऊन उभा राहिला. आत्यांनी पदराची गाठ सोडली. ती घट्ट बसली होती, त्यांना वेळ लागला.

दार उघडलं. आत गार होतं. कोंढाळीसारखं एकाच जागी नव्हे. सगळ्या गाडीत सारखं गार, जाळ्यांमधून वारा नसताना. दिवा विझला होता, तेल उरलेलं होतं. मी आधी खटके पाहिले. बटण बंद. सोलर बंद. मुख्य खटका बंद. मीटर बघायला मुख्य खटका वर केला. बॅटरी पूर्ण भरलेली. रात्रभर एसी चालला असता तर ती रिकामी व्हायला हवी होती.

टोपली मी उचलली. ती कोरडी होती, पण फ्रिजमधून काढल्यासारखी गार होती.

पिठावर पुढे तीन रेघा होत्या आणि मागे एक आखूड रेघ.

"पाखरू," मोरेश्वर म्हणाला.

आत्या वाकून पाहत होत्या. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. "एकच पाय हाये."

त्या आणखी खाली वाकल्या.

"दुसरा उचललेला हाये," त्या म्हणाल्या. "उडाली, बापा."

पिठावर पाणी पडून वाळलं तर वर पापुद्रा धरतो. बोट लावलं की लगेच कळतं. त्या रेघा पाण्याच्या होत्या की नव्हत्या, हे मला एका बोटाने कळलं असतं. माझा हात ताटापर्यंत गेलाही होता. आत्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी हात मागे घेतला. त्यांनी ताट उचललं, पदराखाली घेतलं आणि काठीशिवाय गाडीतून उतरल्या. पीठ त्यांनी तलावात सोडलं.

दुपारी घरात चिन्नोर शिजला. हा तिकडचा वासाचा तांदूळ, गेलात तर जरूर घ्या, घरून मिळाला तर दुकानातून घेऊ नका. भाताचा वास अंगणापर्यंत आला. आत्यांनी पहिला घास घेतला, चावला आणि सुनेकडे बघून म्हणाल्या, "वरणाले मीठ नाही टाकलं का वं?"

सून स्वयंपाकघरात जाऊन रडली. मोरेश्वर मीठ आणायला उठला आणि मिठाची बरणी समोर असून त्याला सापडेना.

मोजा आत्यांनी मागितला नाही, पण परतही दिला नाही. मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी एकटाच निघालो. साकोलीवरून मोठ्या हमरस्त्याने सरळ भंडारा गाठता येतं, आणि तुम्ही जाणार असाल तर तसंच जा, वेळ आणि डिझेल दोन्ही वाचतं. मी पुन्हा पवनीवरून गेलो. मागचा एसी चालू ठेवला, पुढची काच लावून घेतली, रेडिओ बंद केला. अड्याळ येईपर्यंत ऐकत होतो, अड्याळच्या पुढेही ऐकलं. वाऱ्याचा सरळ, एकसारखा आवाज येत होता. आरशात फळी दिसत होती. भंडारा आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की या गाडीत मी पहिल्यांदाच एकटा आहे.

घरी येऊन पंधरवडा झाला. मोरेश्वर फोन करतो. आत्या दोन्ही वेळेला भात खातात, आता सकाळी तलावापर्यंत चालतही जातात. मी एसी दोनदा उघडून पाहिला. नळी साफ आहे, तारा ठीक आहेत, खटका बंद केला की वीज पूर्ण बंद होते. त्या रात्रीचं पाणी कुठून आलं याचं कारण मला सापडलेलं नाही. कोणाला तांत्रिक कारण माहीत असेल तर लिहू नका, असं म्हणावंसं वाटतं, पण लिहा.

काही जणांनी गाडी विकणार का विचारलंय. अजून ठरवलं नाही. ताडपत्री पुन्हा घातलेली नाही. दुपारी ऊन छतावर आलं की मी कधी कधी आत जाऊन तिच्या पलंगासमोर बसतो. आत भट्टी असते. घाम निथळेपर्यंत थांबतो. काही होत नाही. मग उठतो आणि बटण दाबतो. आता गाडी मी सांगेन तेव्हाच गार होते.